चाळीस हजार द्यायच्या आधी ते गळणारं पान पाहा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही पाच मित्रांनी मिळून १८ मिनिटांचा लघुपट केला आहे. आंबोलीत तीन दिवस शूटिंग झालं, एकूण खर्च सव्वा लाख. एक धनुर्धर मुलगी, तिच्या भावाला पळवून नेणारा मांत्रिक आणि त्याचे चार चेले. १९८० सालचा ‘हॉक द स्लेयर’ हा ब्रिटिश चित्रपट तुम्हाला फार आवडतो, म्हणून त्यातल्यासारखा धडाधड बाण सोडण्याचा प्रसंग तुम्ही शेवटच्या लढाईत घेतला. पहिला कट ओळखीच्यांना दाखवला, तर नेमके तिथेच लोक हसले. आता एक व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर दृश्य-करामती, करणारे गृहस्थ ४० हजारांत तो प्रसंग दुरुस्त करून देतो म्हणताहेत. द्यावेत का, आणि त्या जुन्या चित्रपटात जे चाललं ते आमच्यात का चालत नाही, असं तुम्ही विचारलं आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ संकलन करते. सुरुवात स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म संकलनाच्या टेबलावर, ३५ एमएमची फिल्म हातात धरून झाली. पुढं मालिका, चित्रपट, जाहिराती, सगळं संगणकावर. तुम्ही दिलेली दीड मिनिटाची क्लिप काल रात्री आणि आज सकाळी मिळून आठ-दहा वेळा पाहिली. एकदा आवाज बंद करून, एकदा चित्र न बघता नुसता आवाज ऐकून. तुम्हीही हे करून बघा, खूप काही कळतं.

माझ्या मते बाण खोटे दिसले म्हणून कुणी हसलं नाही. तुमच्या क्लिपमध्ये बाण जेमतेम दिसतो. पहिल्या बाणाला सगळे गप्प असतील, दुसऱ्यालाही गप्प, आणि तिसऱ्याला कुणाचं तरी हसू फुटलं असेल. कारण नायिकेच्या उजव्या खांद्यामागे एक पिवळं पान फांदीवरून सुटतं आणि गिरक्या घेत खाली येतं. तुम्ही तोच शॉट सहा वेळा लावला आहे, त्यामुळे तेच पान सहा वेळा पडतं. प्रेक्षकाला ते पान शब्दांत सांगता येणार नाही, पण डोळा ते टिपतो. एकदा टिपलं की मग तो धनुष्य पाहतच नाही, पान पुन्हा पडतंय का एवढंच पाहतो. व्हीएफएक्सवाल्यांनी सहा सुंदर बाण त्यात बसवून दिले तरी ते पान पडतच राहील.

आता ‘हॉक द स्लेयर’कडे वळू, कारण तुमचं त्या चित्रपटावरचं प्रेम मला पटतं आणि त्यातून शिकण्यासारखं खरंच पुष्कळ आहे. टेरी मार्सेल दिग्दर्शक. हॅरी रॉबर्टसन निर्माता, सहलेखक आणि संगीतकारही. खर्च सुमारे ६ लाख पौंड. लंडनजवळचा पाइनवुड स्टुडिओ आणि त्याच्या शेजारचं ब्लॅक पार्कचं जंगल, एवढ्यात त्यांनी एक अख्खं जग उभं केलं. त्याच पाइनवुडमध्ये पुढं १९८३ साली आलेल्या ‘क्रल’साठी याच्या कित्येक पट पैसे ओतले गेले आणि तिकीटबारीवर ते परत आले नाहीत. नुसत्या पैशानं जादू उभी राहिली असती, तर आज तुम्ही ‘हॉक’ऐवजी ‘क्रल’मधला प्रसंग उचलला असता.

गोष्ट साधी आहे. व्होल्टन हा दुष्ट थोरला भाऊ बापाला मारतो. ती भूमिका जॅक पॅलन्सची. मरता मरता बाप धाकट्याला, म्हणजे हॉकला, एक तलवार देतो. तिच्या मुठीच्या टोकाला माणसाच्या पंजाचा आकार आहे आणि तो पंजा एक जादूचा खडा धरून ठेवतो. पुढं व्होल्टन एका मठाच्या प्रमुख साध्वीला पळवतो, २ हजार सोन्याची नाणी खंडणी मागतो आणि तिला सोडवायला हॉक सोबती गोळा करतो: एक राक्षसी उंचीचा माणूस, एक बुटका, एक हात गमावलेला सैनिक आणि क्रो नावाचा एल्फ. एल्फ म्हणजे युरोपातल्या लोककथांमधली, माणसासारखी दिसणारी पण माणूस नसलेली जमात.

क्रो बाण सोडतो तेव्हा काय होतं ते फ्रेम-फ्रेमनं पाहा. ओढणं, सोडणं, पुन्हा ओढणं, पुन्हा सोडणं. तीच प्रतिमा परत परत येते आणि चित्रपट ते लपवायचा जराही प्रयत्न करत नाही. तो प्रसंग मशीनगनसारखा चालतो. एक हात गमावलेल्या सैनिकाच्या आडव्या धनुष्याचंही तसंच. कागदावर ही तुमचीच युक्ती आहे. मग फरक कुठे पडला?

पहिला फरक पात्रात आहे. रे चार्ल्सननं केलेला क्रो माणूस नाही. तो सपाट सुरात बोलतो, चेहऱ्यावरची रेष हलत नाही, रागही नाही आणि भीतीही नाही. असं पात्र यंत्रासारखं एकसारखं बाण सोडायला लागलं की पुनरावृत्ती त्याच्या अंगभूत गुणासारखी वाटते. ‘बघा, हे माणसाला जमणार नाही,’ असं ती सांगते. तुमची नायिका मात्र धापा टाकते आहे. तिचा भाऊ पलीकडे झाडाला बांधलेला आहे, तिच्या गालावर ओघळ आहे, खालचा ओठ दाताखाली आहे. फार चांगलं काम केलंय त्या मुलीनं. पण माणूस सहा वेळा अगदी तसाच ओठ चावत नाही. पुनरावृत्तीनं एल्फ अद्भुत झाला, तिनंच तुमची नायिका खोटी पडली.

दुसरा फरक तयारीचा. लढाईची वेळ येते तोवर क्रो कोण, कसा, किती परका, हे चित्रपटानं पुरेसं सांगून ठेवलेलं असतं. तुमच्या लघुपटात ती मुलगी इतक्या वेगानं बाण सोडू शकते हे आधी कुठेच येत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत अचानक येतं. प्रेक्षक नवी गोष्ट शिकायला तयार असतो, पण लढाईच्या मध्यावर नाही.

तिसरा फरक आवाजाचा आहे. त्यावर मला बरंच बोलायचं आहे, म्हणून तो पुढं घेते.

एक गोष्ट मात्र तुमच्या पिढीच्या लक्षात येणं कठीण आहे, कारण ते काम आता कुणी करत नाही. फिल्मवर कापायचो तेव्हा एका शॉटची मूळ निगेटिव्ह एकच असायची. रश प्रिंटवर, म्हणजे संकलनासाठी काढलेल्या कामचलाऊ प्रतीवर, हवं तसं जोडलं, तरी शेवटी निगेटिव्ह कापायची वेळ आली की तो तुकडा एकाच जागी लागणार. तोच शॉट सहा वेळा हवा असेल तर लॅबकडून त्याच्या डुप निगेटिव्ह, म्हणजे निगेटिव्हच्या नकला, करून घ्यायला लागायच्या. त्याचा खर्च वेगळा, वेळ वेगळा, आणि डुपमध्ये दाणा वाढायचा, काळे भाग मळकट व्हायचे. नाहीतर सेटवरच सहा टेक घ्यायला लागायचे. म्हणजे एकच प्रतिमा परत वापरायची तर कुणीतरी बसून, विचार करून, पैसे मंजूर करून ते ठरवायला लागायचं. आज दोन कळा दाबल्या की शॉट दुसऱ्यांदा येतो. फुकट मिळतं म्हणून आपण ते ठरवत नाही, ते आपोआप होऊन जातं. तुमच्या सहा बाणांमागे कुणी निर्णय घेतला होता का, हे प्रामाणिकपणे आठवून बघा. मला वाटतं शूटिंगच्या दिवशी एकच चांगला टेक हाती लागला, उजेड गेला, आणि एडिटवर तोच ताणला गेला. हे सगळ्यांचं होतं. माझंही झालंय.

नव्वदच्या दशकात मी एका ऐतिहासिक मालिकेवर काम करत होते. तलवारबाजीचा एक मोठा प्रसंग, प्रसारण दुसऱ्या दिवशी आणि हातात तीन टेक. एका ठिकाणी वार कमी पडत होता, म्हणून मी आधी वापरलेलाच शॉट उलटवून, म्हणजे डावं-उजवं फिरवून लावला. मला वाटलं, इतक्या वेगात कोण बघतंय. अंगरख्याचे बंद दुसऱ्या बाजूला गेले आणि सरदार क्षणभर डावखुरा झाला. पुढच्या आठवड्यात प्रेक्षकांची पत्रं आली. त्यातलं एक शाळकरी मुलाचं होतं. त्यानं कागदावर अंगरख्याचं चित्र काढून बंद कुठल्या बाजूला असतात ते मला दाखवून दिलं होतं. ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे. तेव्हापासून दोन फ्रेमच्या शॉटमध्येही मागे काय हलतंय, कपड्याची गाठ कुठे आहे, हे पाहिल्याशिवाय मी पुढं जात नाही.

तर तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. कुठली घ्यायची ते तुमच्या गोष्टीवर अवलंबून आहे, आणि पूर्ण लघुपट मी पाहिलेला नाही. शिवाय ती अभिनेत्री अर्ध्या दिवसासाठी पुन्हा येऊ शकते का, तिचा पोशाख आणि धनुष्य अजून तुमच्याकडे आहे का, यावरही बरंच ठरेल.

पहिली वाट अशी, की पुनरावृत्तीलाच गोष्टीत अर्थ द्यायचा. ते धनुष्य वनदेवतेचं असेल, आणि ते हातात आल्यावर ती मुलगी काही क्षण स्वतःची राहत नसेल, तर तिनं यंत्रासारखं वागणं गोष्टीचाच भाग होईल. मग चेहरा निर्विकार हवा, ओठ चावलेला चालणार नाही. चौकट घट्ट, मागे काळोख, हलणारं काहीही नको. आणि फ्रेमचा हिशेब उतरता ठेवायचा: पहिला बाण २० फ्रेम, मग १६, १२, ९, ७, ५. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशेबानं शेवटचा बाण सेकंदाच्या पाचव्या भागात येतो. सगळे एकाच लांबीचे ठेवले तर कान-डोळे तिसऱ्या फेरीला कंटाळतात. आकसत गेले तर पुढं काय होणार याची ओढ लागते.

दुसरी वाट तिला माणूसच ठेवायची. क्लिपमधला तिचा चेहरा पाहून मला हीच वाट बरी वाटते. यात सहा बाण नकोतच, तीन पुरेत. पण तिन्ही वेगळे दिसायला हवेत. पहिल्यात तिचा चेहरा, आत्ता आहे तोच शॉट, पण पान सुटायच्या आधी कापलेला; मी मोजलं, पान सुटायच्या आधी तुम्हाला जवळजवळ सव्वा सेकंद मिळतो आणि तेवढा पुरतो. दुसऱ्यात चेहरा अजिबात नाही: भात्याकडे जाणारा हात, प्रत्यंचेवर बसणारी बोटं, सुटलेली दोरी. तिसऱ्यात खांद्यामागून, तिच्या नजरेतून समोरचा चेला. प्रत्येक बाणानंतर लागल्याचा शॉट दाखवायलाच हवा असं नाही. एकदा बाण लागलेला दिसू दे, एकदा चेल्याचा हात सुटून मशाल पडताना दिसू दे, आणि एकदा नुसता मांत्रिकाचा चेहरा. बाण कुठे लागला ते त्याच्या डोळ्यांवरून कळेल.

यात एक नियम मी कटाक्षानं पाळते. लागोपाठचे दोन शॉट एकतर हुबेहूब सारखे हवेत, नाहीतर स्पष्ट वेगळे. मधलं काही चालत नाही. कॅमेरा वीतभर सरकवून घेतलेला दुसरा टेक पहिल्याला जोडला की चूक झाल्यासारखं दिसतं, उडी जाणवते. म्हणून नवे शॉट घ्याल तेव्हा जागा नीट बदला, लेन्स बदला, किंवा चेहऱ्यावरून थेट हातावर जा.

हे नवे शॉट घ्यायला आंबोलीला परत जायची गरज नाही. घट्ट चौकटीत जंगल दिसतच नाही, दिसते ती मागची धूसर हिरवळ. घराजवळच्या कुठल्याही कुंपणाची झाडी चालेल. जुळवायचा आहे तो उजेड. तुमचं मूळ शूटिंग ढगाळ हवेत झालंय, सावल्या मऊ आहेत, त्यामुळे ढगाळ दिवस बघा किंवा ऊन चढायच्या आत सकाळी सावलीत घ्या. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगछटेची जुळणी, आपोआपवर ठेवू नका, मूळ शॉटशी ताडून पक्का करा. केसांची ओली बट कपाळाच्या कुठल्या बाजूला चिकटली होती त्याची प्रिंट काढून सोबत न्या. आणि दिशा सांभाळा: मूळ प्रसंगात ती पडद्याच्या डावीकडून उजवीकडे बाण सोडते. बोटांचा क्लोजअप उलट दिशेनं घेतलात तर ती स्वतःच्याच बाजूच्या माणसाला मारतेय असं वाटेल.

थोडं सुरक्षिततेबद्दल, आणि हे मी मनापासून सांगते. क्लिपमध्ये एका शॉटला मला शंका आली, की समोरच्या चेल्याच्या दिशेनं खरा बाण सोडला गेलाय. टोक बोथट असेल, पण कृपा करून पुन्हा असं करू नका. या युक्तीची सगळ्यात मोठी देणगीच ही आहे, की बाण सोडणारा आणि बाण लागणारा एका चौकटीत कधी यावाच लागत नाही. सोडण्याच्या शॉटमध्ये समोर फक्त मोकळी जागा हवी. लागण्याच्या शॉटमध्ये बाण आधीच कपड्याखालच्या फळीत रोवलेला असतो, माणूस नुसता झटका देतो. याच काळातल्या ‘द सोर्ड अँड द सॉर्सरर’ या १९८२ साली आलेल्या कमी खर्चाच्या चित्रपटाच्या चित्रीकरणात जॅक टायरी हा स्टंट कलाकार कड्यावरून उडी मारताना प्राणाला मुकला. तो चित्रपट पुढं भरपूर चालला, पण तो माणूस परत आला नाही. आपल्याकडे पैसा कमी असतो तेव्हा हौशी मित्र ‘मी उभा राहतो रे’ म्हणून पुढे येतात. त्यांना उभं करू नका.

आता आवाज. तुमच्या क्लिपमधला आवाज मी चित्र न बघता ऐकला, तेव्हा लढाई चाललीय असं वाटलंच नाही. सहा वेळा इंटरनेटवरून घेतलेला एकच ‘स्वूश’ आणि खाली सलग वाजणारं मोठं वाद्यवृंदी संगीत. चित्राची पुनरावृत्ती जितकी बोचते, तितकीच आवाजाची बोचते. फक्त माणसाला ती सांगता येत नाही. ‘हॉक’मध्ये रॉबर्टसनच्या संगीतात सिंथेसायझर आहेत, ठेका आहे, वेस्टर्न चित्रपटांतल्या डोळ्याला डोळा भिडवण्याच्या प्रसंगांची आठवण करून देणारे छोटे सूर आहेत. लोक त्याला त्या काळातलं डिस्को म्हणतात, म्हणू देत. पण निर्माता, लेखक आणि संगीतकार एकच माणूस असल्यानं कुठल्या कटवर काय वाजणार हे गोष्ट लिहिणाऱ्याच्याच हातात होतं. बाणांचा ठेका संगीताच्या ठेक्याशी भांडत नाही. तुमच्यात दोन ठेके भांडताहेत.

संगीत बाणांच्या वेळी पूर्ण बंद करून बघा. फक्त जंगल, तिचा श्वास आणि प्रत्यंचा. प्रत्यंचेच्या आवाजासाठी मी एकदा कापूस पिंजणाऱ्याची धनुकली वापरली होती. गादीवाल्याच्या दुकानात जाऊन, माइक तांतीपासून हातभर अंतरावर धरून, हलक्या-जोरदार अशा वीसेक टणत्कारांचं ध्वनिमुद्रण केलं. त्या तांतीत जो जडपणा आहे तो कुठल्याही तयार फाइलमध्ये मला सापडला नाही. आता पिंजारी दिसणं अवघड झालंय, पण जुन्या गावांत, आठवडी बाजाराच्या आसपास विचारलंत तर अजून कुणी भेटेल. तीन बाणांना तीन वेगळे टणत्कार द्या. तिसरा सगळ्यात जड.

मांत्रिकासाठी चौंडकं ऐका. देवीच्या गाण्यांत वाजतं ते. तार ताणली-सैल केली की सूर वर-खाली घसरतो. तो घसरता सूर संथ करून, खाली उतरवून मांत्रिकाच्या प्रवेशाला लावलात तर तुम्हाला आत्ता वापरलेल्या गुरगुरण्याची गरज उरणार नाही. मात्र हे श्रद्धेचं वाद्य आहे. ज्यांच्याकडे मुद्रण कराल त्यांना कशासाठी हवं ते आधी सांगा आणि बिदागी द्या.

बाण लागल्याच्या आवाजाला वाळूच्या पोत्यात बांबूची काठी खुपसा, त्यावर ऊस मोडल्याचा आवाज हलका मिसळा. जोडताना टणत्काराची सुरुवात मी कटच्या दोन फ्रेम आधी ठेवते, म्हणजे कान पुढं गेलेला असतो आणि डोळ्याला कट जाणवत नाही. लागल्याचा आवाज मात्र नेमका त्या फ्रेमवर, नाहीतर एक फ्रेम नंतर. आधी कधीच नाही. आधी आला की बाण लागायच्या आत माणूस मेलेला वाटतो.

आता ४० हजारांचा प्रश्न. इथं परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. तुमच्याकडे एखादा लांबचा शॉट असेल, ज्यात ती, दरी आणि पलीकडचा मांत्रिक एकत्र दिसतात आणि बाण हवेतून जाताना दिसलाच पाहिजे, तर तेवढा एक शॉट संगणकावर करून घ्या. एका शॉटचा दर वेगळा विचारा. संपूर्ण प्रसंगाचं पॅकेज घेऊ नका, कारण त्यात तुम्हाला नको असलेले पाच बाणही येतील. तसा शॉटच नसेल तर त्यांना नम्रपणे नाही म्हणा. सव्वा लाखात तीन दिवस शूट केलेल्या लोकांना ४० हजारांत आणखी एक दिवस निघतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो दिवस जास्त कामाचा.

तुम्ही शेवटी असंही विचारलंय, की धनुष्य आपोआप तिच्या हातात उडून येण्याचा शॉट व्हीएफएक्सशिवाय होईल का. होईल. ‘हॉक’मध्ये तलवार मालकाच्या हाती चालत येते, आणि तेव्हा आजचा संगणक नव्हता. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे उलटं चित्रीकरण: धनुष्य तिच्या हातात आहे, दुसऱ्या कुणीतरी चौकटीबाहेरून ते बारीक काळ्या दोऱ्यानं झटक्यात ओढून घेतलं, आणि एडिटवर शॉट उलटा फिरवला. नेम धरायला लागत नाही, झेल चुकत नाही. दोरा लपवायचा तर मागची बाजू काळोखी ठेवा आणि दोऱ्यावर उजेड पडू देऊ नका. आपल्या मुंबईच्या चित्रपटसृष्टीत बाबूभाई मिस्त्रींनी १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’साठी काळ्या दोऱ्यानं वस्तू अशा हलवल्या, की त्यांना पुढं ‘काला धागा’ असंच नाव पडलं. उलट्या शॉटमध्ये तिचे केस, झाडाची पानं, धूर यांतलं काही हलत असेल तर तेही उलटं हलेल, तेवढं सांभाळा. श्वासही धरून ठेवायला सांगा.

धुराबद्दल दोनच वाक्यं. आंबोलीचं धुकं सुंदर आहे, पण ते एका शॉटमध्ये असतं आणि पुढच्यात नसतं, त्यामुळे नवे क्लोजअप घेताना धूपाचा थोडा धूर मागून उजेड देऊन सोडला की ते जुन्या शॉटशी जुळतात. झाडीजवळ निखारा ठेवाल तर पाण्याची बादली आणि एक माणूस फक्त त्यासाठीच उभा ठेवा.

इतकं सगळं वाचून गोंधळ झाला असेल तर आधी एवढंच करा. संगीताचा ट्रॅक बंद करा, सहापैकी शेवटचे तीन बाण काढून टाका, पहिला शॉट पान सुटायच्या आधी कापा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाणाच्या जागी तुमच्याकडे आधीच असलेले चेल्यांचे आणि मांत्रिकाचे चेहरे लावा. तुमच्या क्लिपमध्ये ३८ व्या सेकंदाला मांत्रिक मान वळवून बघतो, तो शॉट तुम्ही अर्धा कापून टाकलाय. तो पूर्ण ठेवा. याला एक संध्याकाळ लागेल, पैसे लागणार नाहीत. मग हसलेल्या लोकांपैकी दोघांना आणि ज्यांनी आधी पाहिलेलं नाही अशा दोघांना दाखवा. तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. तिसऱ्या बाणाला ते पुढं झुकले तर नव्या शॉट्सचीही गरज नाही. मागे रेलले तर अभिनेत्रीला फोन करून ढगाळ सकाळ ठरवा.

नवा कट झाला की तो इथे टाका. मी नक्की पाहीन, आधी आवाज बंद करून आणि मग नुसता ऐकून.